परीक्षा कोणाची?

दुःखालाही पुरावा लागतो, ही जगाची जुनी रीत आहे. पायाला प्लास्टर घातलेला माणूस रविवारी मिस्साला आला, तर देवळाच्या पायरीवर चार हात त्याच्या मदतीला पुढे होतात आणि बाकाच्या कडेची जागा त्याच्यासाठी आपोआप रिकामी होते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावला की आईला आणखी काही विचारावे लागत नाही. परंतु ज्या वेदनेला जखम नाही, सूज नाही, ताप नाही, जी क्ष-किरणांत दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीत उमटत नाही, अशी वेदना घेऊन एखादे माणूस आपल्यासमोर उभे राहिले, तर आपण काय करतो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एका विशिष्ट दुखण्याचा आणि त्यावरील एका उपचाराचा आधार घेत आहोत. दुखणे म्हणजे तोंडाची महिनोन्‌महिने होणारी आग, आणि उपचार म्हणजे लेझरचा सौम्य प्रकाश. दोन्ही विषय वैद्यकाचे खरे, पण त्यांच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो वैद्याइतकाच कुटुंबालाही विचारलेला आहे.

या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला मुखदाह म्हणू. तोंडात आग होणे हा अनुभव तसा कोणाला नवा नाही. तिखट कालवण, कढत चहा, कच्चे अननस यांनी जीभ पोळते आणि तास-दोन तासांत शांत होते. मुखदाह तसा नव्हे. दररोज दोन तासांहून अधिक वेळ, आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ, जिभेची किंवा तोंडाची आग होत राहते, आणि डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले तर आतील अस्तर निरोगी दिसते, तेव्हाच त्याला हे नाव दिले जाते. आग बहुधा जिभेच्या शेंड्याला आणि दोन्ही कडांना होते. कधी ती ओठांच्या आतल्या बाजूला किंवा टाळूलाही होते. अनेकांना तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते, तर कित्येकांच्या जिभेवर कडू किंवा धातूसारखी चव रेंगाळत राहते. सकाळी उठताना त्रास कमी असतो आणि दिवस चढेल तशी आग वाढत जाते, असे पुष्कळ रुग्ण सांगतात. हा आजार पुरुषांना होतच नाही असे नाही, पण रुग्णांत फार मोठा वाटा रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील किंवा तो ओलांडलेल्या स्त्रियांचा असतो.

म्हणजे, आपल्या घरांत ज्या वयाच्या बाईच्या हाती सारे स्वयंपाकघर असते, त्या वयाच्या बाईचे हे दुखणे आहे. वर्षाचा मसाला भाजून कुटणारी, सुक्या बोंबलाच्या कालवणात चिंच किती घालायची हे बोटाने चाखून ठरविणारी, सणाला पाहुण्यांची पंगत उठवणारी ती बाई आपल्या ताटात मात्र पेज घेऊन बसते. तिला काय होते ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही. शिवाय या दुखण्याचा एक विचित्र स्वभाव आहे. काही खाताना किंवा चघळताना ही आग कित्येकांना कमी जाणवते. रुग्णाला तेवढाच विसावा मिळतो. पण घरच्यांच्या डोळ्यांना मात्र त्यात विसंगती दिसते. ‘जेवताना तर काही होत नाही, मग दिवसभर कसली आग?’ असा प्रश्न विचारला जातो. विचारणारा दुष्ट असतो असे नव्हे. त्याला जे दिसते त्यावरून तो बोलतो. परंतु दुखण्याचे एक लक्षण खोटेपणाचा पुरावा म्हणून रुग्णाच्याच विरुद्ध वापरले जाते, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

हा अविश्वास केवळ घरापुरता राहिला असता, तर अज्ञान म्हणून त्याची बोळवण करता आली असती. पण दीर्घकाळ वैद्यकशास्त्रही त्यात सामील होते. तोंडात काही सापडत नाही, रुग्ण स्त्री आहे, वय पन्नाशीचे आहे आणि ती थोडी चिंतातुर दिसते, एवढ्या सामग्रीवर ‘हे मनाचे दुखणे आहे’ असा निर्णय अनेकदा दिला जाई. मनाचे दुखणे हेही दुखणेच असते, हा भाग वेगळा; पण तो निर्णय ऐकवताना त्याचा अर्थ बहुधा ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असा होई. २००५ साली इटलीतील मिलान येथील जुझेप्पे लाउरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा रुग्णांच्या जिभेचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला. साध्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या त्या जिभांच्या वरच्या थरातील अतिसूक्ष्म मज्जातंतू निरोगी माणसांच्या मानाने विरळ झालेले आढळले. जे तंतू उष्णतेची आणि वेदनेची वर्दी मेंदूला देतात, त्यांतच बिघाड होता. विस्तव नसताना विस्तवाची वर्दी जात होती. मुखदाहाची ही एकच कारणमीमांसा आहे असे आज कोणी म्हणत नाही. काही रुग्णांत मेंदूच्या वेदना आवरणाऱ्या यंत्रणेतही दोष असावा असे मानले जाते, आणि चिंता व निद्रानाश यांचाही या दुखण्याशी दुहेरी संबंध असतो. परंतु ‘काही झालेले नाही’ हे विधान त्यानंतर कोणालाही छातीठोकपणे करता येईनासे झाले.

आता आमचा प्रश्न असा आहे. २००५ साली सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू मोजले गेले, त्याआधी या स्त्रिया काय करीत होत्या? त्या खरेच सांगत होत्या. त्यांची वेदना त्या वर्षी खरी झाली नाही. त्या वर्षी फक्त आपल्याला ती मानणे सोपे झाले. पुराव्याने त्यांच्या सत्यात भर पडली नाही, आपल्या संकोचाला मात्र वाट मिळाली. ज्यांनी त्या पुराव्याची वाट न पाहता आपल्या आईवर किंवा पत्नीवर विश्वास ठेवला, ते अडाणी होते काय? आमच्या मते, ते शास्त्राच्या पुढे चालत होते.

वेदना ही मुळातच अशी वस्तू आहे की, जिला ती होते त्याला तिच्याविषयी शंका घेता येत नाही आणि ज्याला ती होत नाही त्याला तिच्याविषयी शंका घेण्यावाचून राहवत नाही. अमेरिकन विदुषी इलेन स्कॅरी यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या वेदनाविषयक ग्रंथात याच तफावतीची मांडणी केली आहे. दुसऱ्याच्या घरातला दिवा खिडकीतून दिसतो, पण दुसऱ्याच्या देहातील वेदना कोणत्याच खिडकीतून दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे त्या माणसाचा शब्द. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारली, तेव्हा जोडटिपांत हेही नमूद केले की, आपल्याला वेदना होते असे एखादी व्यक्ती सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला गेला पाहिजे. व्याख्येच्या कोरड्या भाषेत आलेले हे वाक्य मूलतः नीतीचे वाक्य आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. शेजाऱ्याची खरी साक्ष खोटी ठरवू नये, ही तिचीच दुसरी बाजू नव्हे काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. प्रत्येकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर तपासणी कशाला करायची? आमचे उत्तर असे की, विश्वास आणि तपासणी यांत वैर नाही. खरी तपासणी विश्वासातूनच निघते. ज्याचे दुखणे खोटे वाटते त्याला आपण धीर देऊन घरी पाठवतो, आणि ज्याचे खरे वाटते त्याचे कारण शोधतो. तोंडाची आग होण्यामागे अनेक सापडण्याजोगी कारणे असतात. लोह, ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल यांची कमतरता, मधुमेह, थायरॉइडचा विकार, तोंडातील कँडिडा नावाची बुरशी, नीट न बसणारी कवळी, लाळ कमी होणे, रक्तदाबावरील काही औषधे, ही त्यांतली काही. आपल्या महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीने तोंडाच्या आतील अस्तर ताठर होत जाते, तोंड उघडणे कठीण होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. या विकाराची सुरुवात बहुधा तिखट सोसेनासे होण्याने आणि आग होण्यानेच होते. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी आणि तंबाखू घरांतून गेलेली नाहीत. मिश्री लावणाऱ्या बायका आजही आहेत. तेव्हा आग होते असे कोणी म्हटले, तर पहिले पाऊल दंतवैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे पडले पाहिजे. ही सारी कारणे एकेक करून बाजूला सारल्यावर जी आग शिल्लक राहते, तिलाच मुखदाह हे नाव शोभते.

त्या उरलेल्या आगीवर आजवर कोणताही हुकमी इलाज मिळालेला नाही. क्लोनाझेपाम नावाची गोळी काही वेळ तोंडात धरून थुंकून टाकण्याचा एक उपचार आहे, काही मज्जातंतूंची औषधे आहेत, मनाला वेदनेशी जुळवून घ्यायला शिकविणाऱ्या समुपदेशनाचा उपयोगही होतो. यांतले जे काही करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. याच मालिकेत अलीकडच्या काळात लेझरचा समावेश झाला आहे.

लेझर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापणारा, जाळणारा झोत उभा राहतो, आणि आधीच जळणाऱ्या जिभेवर तो कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण येथे वापरला जातो तो सौम्य लेझर. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर प्रज्वलित केला. त्यानंतर काही वर्षांनी, १९६७च्या सुमारास, हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील डॉक्टर एंद्रे मेश्टेर यांनी लेझरने कर्करोग होतो की काय हे पाहण्यासाठी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यांवर क्षीण लेझर सोडला. कर्करोग झाला नाही, उलट ज्या उंदरांवर प्रकाश पडला होता त्यांचे केस लवकर उगवले. या अनपेक्षित निरीक्षणातून सौम्य प्रकाशाच्या उपचाराचा विचार सुरू झाला. तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांकडून शोषला जातो, त्यामुळे पेशींचे काम सुधारते, दाह कमी होतो आणि मज्जातंतूंची वर्दीही मंदावते, अशी त्यामागची उपपत्ती आहे. कर्करोगावरील उपचारांनी तोंडात होणारे वेदनामय व्रण टाळण्यासाठी काही विशिष्ट रुग्णांत हा प्रकाश वापरावा, अशी शिफारस त्या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी केलेली आहे. म्हणजे हा उपचार केवळ जाहिरातीतून जन्मलेला नाही.

मुखदाहासाठी तो देण्याची पद्धत साधी आहे. रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असतात. पेनासारखे एक टोक जिभेवरच्या, ओठांवरच्या ठरावीक बिंदूंवर काही क्षण धरले जाते. बहुधा कापणे, टोचणे, भूल देणे यांतले काहीच नसते. आठवड्यातून एकदा-दोनदा असे काही आठवडे चालते. अनेक लहान अभ्यासांत रुग्णांची आग यामुळे कमी झाल्याचे आढळले आहे आणि लक्षणीय अपाय फारसे नोंदले गेलेले नाहीत. पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली मुखदाहावरील सर्व उपचारांचा आढावा घेतला. त्यात २३ चाचण्या आणि ११२१ रुग्ण होते. अल्पकाळ आराम देणाऱ्या उपचारांत लेझरचे नाव आले खरे; पण त्यामागे अवघ्या ५८ रुग्णांची एकच चाचणी होती, आणि तो पुरावा अत्यंत दुबळ्या प्रतीचा आहे असा शेराही होता. त्यानंतर आणखी अभ्यास झाले. पुष्कळांचे निष्कर्ष अनुकूल आहेत, काहींचे नाहीत, आणि प्रत्येकाने प्रकाशाची मात्रा, तरंगलांबी आणि बैठकांची संख्या वेगवेगळी घेतल्याने त्यांची एकमेकांशी तुलना करणे अवघड झाले आहे. थोडक्यात, आशेला जागा आहे, हमीला नाही.

या चाचण्या कशा होतात हे पाहिले की आपल्या नैतिक प्रश्नाचा गाभा हाती लागतो. रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाच्या जिभेवर खरा लेझर धरला जातो. दुसऱ्या गटाच्या जिभेवर तेच यंत्र, तेच टोक, तितकाच वेळ धरले जाते, चष्मे घातले जातात, आवाजही होतो, पण प्रकाश बंद असतो. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला ठाऊक नसते. मात्र असे दोन गट आहेत हे त्याला आधी सांगून त्याची संमती घेतलेली असते. आणि अनेकदा असे दिसते की, बंद प्रकाशाच्या गटातील काही रुग्णांचीही आग कमी होते. खऱ्या उपचाराच्या गटात ती जास्त कमी झाली, तरच उपचाराचा म्हणून काही गुण आहे असे म्हणता येते.

बंद यंत्राने बरे वाटले, हे कळल्यावर आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो? ‘म्हणजे आग नव्हतीच तर!’ हा निष्कर्ष सोपा आहे आणि चूक आहे. १९७८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. दाढ काढल्यावर जबड्याला होणारी वेदना कोणी काल्पनिक म्हणणार नाही. त्या वेदनेवरही औषध नसलेल्या औषधाने काहींना आराम पडला. पुढे त्यांना अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिले, तेव्हा त्यांची वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ असा लावला गेला की, आराम पडेल या अपेक्षेने शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये निर्माण करते. खऱ्या वेदनेवर, आशेने जाग्या झालेल्या खऱ्या द्रव्यांचा तो खरा परिणाम होता. शिवाय कोणतेही जुनाट दुखणे आपोआपही चढते-उतरते, आणि माणूस बहुधा ते शिगेला पोहोचल्यावरच उपचाराला येतो, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे. तेव्हा बंद प्रकाशाने आराम पडला यावरून उपचाराविषयी बरेच काही कळते, वेदनेच्या खरेपणाविषयी काहीही कळत नाही. ती चाचणी यंत्राची असते, बाईची नव्हे.

आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे येते. व्यवहारात आपण याच्या नेमके उलट वागतो. परीक्षा रुग्णाची घेतो आणि विश्वास यंत्रावर ठेवतो. घरातली बाई दोन वर्षे ‘आग होते’ म्हणते, तिला आपण प्रश्न विचारतो. पण चकचकीत दवाखान्यात काचेच्या दाराआड ठेवलेल्या परदेशी यंत्राला कोणी प्रश्न विचारत नाही. किती जणांना गुण आला, किती दिवस टिकला, गुण नाही आला तर काय, हे प्रश्न तेथे आपल्या जिभेवर येतच नाहीत. वास्तविक माणूस हा विश्वासाचा धनी आहे आणि उपचार हा परीक्षेचा. रुग्णाच्या शब्दाला सन्मान द्यावा आणि उपचाराच्या दाव्याला पुरावा मागावा, ही योग्य वाटणी होय. ती उलटली की दोन अन्याय एकदम घडतात. वेदना सोसणारी एकटी पडते, आणि तिच्या एकटेपणावर दुकान मांडणारा निर्धास्त होतो. जिला घरी कोणी मानले नाही, ती ‘तुम्हांला आग होते हे मी मानतो’ एवढेच म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती आपली पुंजी ठेवायला तयार होते. फसवणुकीची वाट अनेकदा आपल्या अविश्वासानेच मोकळी करून दिलेली असते.

मग कोणी असे विचारील की, बंद प्रकाशानेही आराम पडत असेल, तर डॉक्टरांनी न सांगता बंद प्रकाशच का वापरू नये? खर्च नाही, अपाय नाही आणि रुग्ण समाधानी! आम्हांला हा मार्ग मान्य नाही. चाचणीत रुग्णाला दोन शक्यता सांगितलेल्या असतात; येथे त्याला एक असत्य सत्य म्हणून दिले जाते. जिच्या शब्दावर आजवर कोणी विश्वास ठेवला नाही, तिच्यावर उपचार म्हणून आणखी एक खोटेपणा लादणे, हा त्या अविश्वासाचाच सभ्य प्रकार आहे. वेदना कमी करणे हे चांगले, पण माणसाला सत्यापासून वंचित ठेवून ते करणे म्हणजे त्याला माणूस न मानता नुसती दुखरी जीभ मानणे होय. तद्वतच लेझर हा रामबाण उपाय आहे असे सांगून दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेणेही असत्यच आहे. प्रामाणिक डॉक्टर असे सांगेल: हा उपचार काहींना लागू पडतो, तुम्हांला पडेलच असे नाही, इतक्या बैठका करून पाहू, आग किती ते तुम्ही रोज शून्य ते दहा या मापात लिहून ठेवा, आणि फरक पडला नाही तर थांबू. अशा सांगण्याने आशा मरत नाही. जिच्याशी खरे बोलले जाते ती आपली मानली गेली असे तिला वाटते, आणि हा आधारही लहान नव्हे.

श्रद्धावंत कुटुंबांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. दुखणे हा क्रूस आहे, तो मुकाट्याने वाहावा, औषधांच्या मागे कशाला लागावे? हा विचार भक्तीच्या वेषात येत असल्याने त्याला उत्तर देणे नाजूक असते. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र याबाबत स्पष्ट आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलशास्त्राच्या डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात, वेदना सहन करण्याचे सर्वसाधारण बंधन ख्रिस्ती माणसावर नाही आणि वेदना शमविणे नीतीला धरून आहे, असे प्रतिपादन केले. कोणी स्वेच्छेने आपली वेदना प्रभूच्या दुःखसहनाशी जोडू इच्छित असेल, तर त्या आत्मदानाचे मोल मोठे आहे. ११ फेब्रुवारी १९८४च्या ‘साल्विफिची दोलोरिस’ या प्रेषितीय पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या मोलाचा खोल विचार केला. पण त्याच पत्राचा शेवटचा भाग त्यांनी दयाळू शोमरोन्याला वाहिला आहे. म्हणजे आपल्या दुःखाला अर्थ देणे आणि दुसऱ्याचे दुःख हलके करणे, ही दोन्ही कामे त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. यातील पहिले काम ज्याचे त्यानेच करायचे आहे. आपला क्रूस उचलणे हे पुण्य. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून त्याला धीराचा उपदेश करणे हे पुण्य नव्हे. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. जवळचे तेल आणि द्राक्षारस त्याच्या जखमांवर ओतले आणि उताराशाळेचा खर्च दिला.

जिभेच्या बाबतीत तर आणखी एक कठोरपणा घडतो. धर्मग्रंथात जिभेला आगीची उपमा दिलेली आहे, आणि अधोलोकात जीभ गार करायला थेंबभर पाणी मागणारा श्रीमंत माणूस आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे जीभ जळते म्हटले की, ‘काही बोलून गेली असेल’ असा शेरा थट्टेत का होईना, ऐकू येतो. योबाच्या मित्रांनीही असेच केले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखामागचे पाप शोधू लागले, तेव्हा ते न्यायाधीश झाले, आणि शेवटी देवाचा कोप योबावर नव्हे तर त्यांच्यावर झाला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी कोणाचे पाप असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्याचे डोळे उघडले. ज्यांच्या घरात हे ग्रंथ वाचले जातात, त्यांनी दुखणाऱ्या जिभेत पाप शोधू नये, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

मग घरच्यांनी करावे तरी काय? फार मोठे काही नाही. पहिली गोष्ट, तिने सांगितले की मानावे. दर वेळी नव्याने पुरावा मागू नये. दुसरी गोष्ट, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. एकट्या बाईचे म्हणणे दवाखान्यातही घाईने ऐकले जाते. शेजारी मुलगा किंवा नवरा बसला असेल तर तेच म्हणणे सावकाश ऐकले जाते. ही गोष्ट लाजिरवाणी आहे, पण आहे. कालवणात तिखट पडण्यापूर्वी तिच्यासाठी वाटीभर बाजूला काढावे, आणि ते काढण्याचे काम तिच्यावरच टाकू नये. उन्हाळ्यात पाण्याचा गार घोट तिच्या हाताशी असावा. लेझर करायचा झाला, तर तो करणाऱ्या डॉक्टरांना वर सांगितलेले प्रश्न कुटुंबाने विचारावेत, कारण वेदनेत असलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचे बळ नसते. आराम पडला, तर ‘पाहा, मनाचेच होते’ असे म्हणू नये. नाही पडला, तर ‘एवढे पैसे गेले’ असे तिला ऐकवू नये. थांबायचे की आणखी काही करून पाहायचे, याचा शेवटचा शब्द तिचा असावा.

जागतिक रुग्ण दिन दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्ड्स मातेच्या सणादिवशी येतो. १९९३ सालापासून तो पाळला जात आहे. त्या दिवशी धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, त्यांना पुढच्या बाकांवर बसवले जाते. त्या बाकांवर काठी घेतलेले दिसतात, चाकांच्या खुर्चीतले दिसतात. पण मागे कोठे तरी, दर रविवारच्या आपल्या जागेवर, एखादी बाई धडधाकट चेहऱ्याने बसलेली असते आणि तिची जीभ जळत असते. तिला पुढे कोणी बोलावत नाही, कारण तिचे आजारपण कोणाला ठाऊक नाही. कदाचित तिने ते सांगणेही आता सोडून दिले आहे. तिच्यासाठी लेझर उपयोगी ठरेल की नाही, हे काळ आणि अधिक मोठ्या चाचण्या ठरवतील. तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी मात्र कोणत्याही चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम आजच, आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर, आपल्याला करता येण्यासारखे आहे.